रॅम सोल्डर की स्लॉट? वाचकांच्या लॅपटॉपचे प्रश्न

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहिलं होतं, की नवीन लॅपटॉप घेताना आतलं काय काय बदलता येतं ते पैसे देण्याआधी विचारा. त्यावर इतके मेसेज आले की या वेळचं पूर्ण सदर त्याच्यावरच घेतेय. मी स्वतः पुण्यात रिपेअरचं काम करते, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते बरंचसं टेबलावर उघडून बघितलेलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि कंपन्यांबद्दलच्या तक्रारींमधली नावं काढलीत.

ताई, मी इंजिनिअरिंगला आहे. मागच्या वर्षी ८ जीबी रॅमचा पातळ लॅपटॉप घेतला, दुकानदार म्हणाला होता नंतर रॅम वाढवता येईल. आता अँड्रॉइड स्टुडिओ (ॲप बनवायचा प्रोग्राम) उघडला की सगळं हँग होतं आणि दोन दुकानांत सांगितलं की रॅम सोल्डर आहे, काही होणार नाही. खरंच काही होत नाही का? — एक विद्यार्थी, जळगाव

आधी तू स्वतः बघ, कारण "सोल्डर आहे" हे न उघडता सांगणारे पण भेटतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाब, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. खाली 'फॉर्म फॅक्टर' असं लिहिलेलं दिसेल. तिथे 'एसओडिम' असेल तर रॅमची पट्टी स्लॉटमध्ये बसवलेली आहे, आणि 'रो ऑफ चिप्स' असेल तर चिपा थेट मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवर, डाग देऊन पक्क्या केल्यात, यालाच सोल्डर म्हणतात. शेजारी 'स्लॉट्स यूज्ड' पण दिसतं पण त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस, सोल्डर केलेल्या चिपांना पण विंडोज स्लॉट म्हणूनच मोजतं. बऱ्याच मॉडेलमध्ये अर्धी रॅम सोल्डर आणि शेजारी एक स्लॉट रिकामा असा प्रकार असतो, तुझं तसं असेल तर नशीब चांगलं. पक्कं उत्तर हवं असेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून सर्व्हिस मॅन्युअल काढ. डेल, एचपी, लेनोवो तिघांचीही फुकट मिळतात, आणि त्यात रॅम कुठे आहे, कोणते स्क्रू काढायचे, सगळं चित्रासकट असतं.

आता सोल्डर का करतात, कारण हा प्रश्न अजून चौघांनी विचारलाय. लोकांना वाटतं कंपन्या मुद्दाम करतात. रॅमच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे. पातळ लॅपटॉपमध्ये एलपीडीडीआर नावाची रॅम वापरतात, ती कमी व्होल्टेजवर चालते म्हणून बॅटरी जास्त पुरते, पण तेवढ्या कमी व्होल्टेजवर सिग्नल स्वच्छ राहायचा असेल तर प्रोसेसर आणि रॅममधलं अंतर एकदम कमी लागतं, मधे पट्टी आणि स्लॉटचे धातूचे कॉन्टॅक्ट आले की सिग्नल बिघडतो. लॅपटॉपमधली साधी डीडीआर५ पट्टी साधारण ५६०० च्या स्पीडला चालते, आणि सोल्डर केलेली एलपीडीडीआर५एक्स ७५००, ८५३३ पर्यंत जाते. ॲपलने २००८ च्या पहिल्या मॅकबुक एअरमध्येच रॅम सोल्डर केली होती, २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये तेच केलं, आणि २०२० च्या एम१ प्रोसेसरपासून तर रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसायला लागली. इंटेलने २०२४ मध्ये लुनार लेक प्रोसेसरला हेच केलं, १६ किंवा ३२ जीबी, जे घ्याल ते शेवटपर्यंत. इतकंच काय, फ्रेमवर्क नावाची कंपनी, जिचा सगळा धंदाच रिपेअर करता येणाऱ्या मशीनवर उभा आहे, तिला २०२५ च्या त्यांच्या डेस्कटॉपमध्ये रॅम सोल्डर करावी लागली, कारण एएमडीच्या त्या चिपला मोड्युलवर तो स्पीड मिळतच नव्हता. त्यांनी ते उघड सांगितलं म्हणून मला त्यांचं पटलं.

मग माझा राग कशावर आहे? ८ जीबी सोल्डर करून, एक पण स्लॉट न देता मशीन विकण्यावर. रॅम सोल्डर करायला तांत्रिक कारण आहे, ८ वर थांबायला नाही. शिवाय आता एलपीकॅम२ नावाचं मोड्युल आलंय, चपटी पाटी असते आणि तीन स्क्रूने बोर्डवर आवळली जाते, तीच एलपीडीडीआर५एक्स रॅम पण बदलता येणारी. २०२४ मध्ये लेनोवोच्या थिंकपॅड पी१ जेन ७ मध्ये ती लावून विकली गेली. म्हणजे जमतं, फक्त स्वस्तातल्या मशीनपर्यंत अजून पोचलेलं नाही.

तुझ्यापुरतं सांगायचं तर चिप लेव्हलचं काम करणारे काही जण सोल्डर केलेल्या चिपा गरम हवेने उचलून मोठ्या चिपा बसवून देतात. हे काम होतं, मी बघितलंय. पण नुसत्या चिपा बदलून भागत नाही, बोर्डवरचे बारीक रेझिस्टर इकडचे तिकडे करावे लागतात नाहीतर बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम, नवीन साइज ओळखतच नाही, आणि एक चिप नीट बसली नाही तर बोर्ड बंद. एकुलता एक लॅपटॉप, त्यात प्रोजेक्ट चालू, मी तुझ्या मशीनवर हे करणार नाही. त्यापेक्षा आज एक गोष्ट कर, अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवर चालणारा नकली फोन, बंद कर आणि स्वतःचा फोन केबलने जोडून यूएसबी डीबगिंग चालू करून ॲप त्याच्यावर चालव. सगळ्यात जास्त रॅम एम्युलेटर खातो, तेवढ्याने बराच फरक पडेल. आणि पुढे जमेल तेव्हा हा विकून दोन स्लॉटचा जुना बिझनेस लॅपटॉप घे. २०१८ चा थिंकपॅड टी४८० आजही रिफर्बिश्डमध्ये मिळतो, त्यात रॅमसाठी दोन स्लॉट आहेत, सोल्डर काही नाही, आणि एक बॅटरी तर बाहेरून खटका सरकवून निघते. त्याच्या पुढच्याच टी४९० मध्ये एक स्लॉट गेला आणि त्या जागी सोल्डर आली, म्हणून घेताना नंबर नीट बघ.

माझा टचपॅड क्लिक होत नाही आणि लॅपटॉप टेबलावर ठेवला की डुगडुगतो. सर्व्हिस सेंटरने सांगितलं टचपॅडसकट वरचा पूर्ण भाग बदलावा लागेल, १८ हजार. चार वर्षं जुना आहे. करू का नवीन घेऊ? — अकाउंट्सचं काम करणाऱ्या एक ताई, पणजी

ताई, आधी चार्जर काढा. हे वाचत असाल तर आत्ता काढा, मशीन बंद करा आणि मग पुढे वाचा.

तुमचा टचपॅड बहुतेक बिघडलेलाच नाही, त्याच्याखालची बॅटरी फुगली आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे अगदी असाच एक आला होता. खालचं कव्हर काढताना शेवटचा स्क्रू सैल केला आणि कव्हर आपोआप वर उचललं गेलं, आतून कोणीतरी ढकलल्यासारखं. आत चंदेरी रंगाची तीन पाकिटं असतात, वडीच्या पाकिटासारखी चपटी, त्यातलं मधलं उशीसारखं टम्म झालेलं आणि नेमकं टचपॅडच्या खाली. वरून दाबायला जागाच उरली नव्हती म्हणून क्लिक होत नव्हतं. बॅटरी बदलली, टचपॅड त्याच दिवशी व्यवस्थित चालू झाला, दुसरं काही बदलायला लागलं नाही.

आत लिथियमच्या सेलमधलं द्रव जुनं झालं की विघटन होऊन गॅस तयार होतो, आणि पाकीट सीलबंद असल्यामुळे तो बाहेर जाऊ शकत नाही. उष्णता आणि कायम १०० टक्के चार्जवर ठेवणं या दोन गोष्टींनी हे लवकर होतं. तुमचं काम टेबलावर बसून, चार्जर दिवसभर लावलेला, म्हणजे दोन्ही आलं. अशी बॅटरी टोचायची नाही, दाबून परत आत बसवायची नाही, "गॅस काढून देतो" म्हणणाऱ्याकडे तर अजिबात द्यायची नाही, भोक पडलं तर पेट घेऊ शकते. कचऱ्याच्या गाडीत पण टाकू नका. बॅटरी वेस्टचे नियम २०२२ पासून लागू आहेत आणि जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावायची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे, तेव्हा नवीन घेताना जुनी त्यांच्याकडेच द्या.

खर्चाचं म्हणाल तर ते बॅटरी कशी बसवली आहे त्याच्यावर आहे. बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये ती पाच-आठ बारीक स्क्रूंनी आणि एका कनेक्टरने लावलेली असते, अर्ध्या तासाचं काम. काही मशीनमध्ये मात्र गोंदाने चिकटवतात, आणि मग बॅटरी खरवडून काढण्यापेक्षा की-बोर्ड, टचपॅड, बॅटरी असा सगळा वरचा भाग बदलणं सर्व्हिस सेंटरला सोपं पडतं. तुम्हाला १८ हजार तिथूनच आलेत असं मला वाटतं. रॅमच्या बाबतीत मी वर कंपन्यांची बाजू थोडी घेतली, इथे घेणार नाही. बॅटरी चिकटवल्याने स्पीड वाढत नाही. जी वस्तू तीन-चार वर्षांत संपणार हे बनवणाऱ्याला पक्कं माहीत आहे ती गोंदाने चिकटवणं चूकच आहे. युरोपियन युनियनने त्यासाठी कायदाच केलाय, १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिकडे विकल्या जाणाऱ्या अशा वस्तूंची बॅटरी वापरणाऱ्याला साध्या अवजारांनी स्वतः काढता आली पाहिजे.

तेव्हा १८ हजार देऊ नका, नवीन पण घेऊ नका. बाहेर एखाद्या चांगल्या माणसाकडे फक्त उघडून बघायला द्या. बॅटरी घेताना जुन्या बॅटरीवरच्या लेबलचा पार्ट नंबर आणि वॅट-अवर जुळवा. नवीन बसली की बायोसमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायचं सेटिंग असतं ते लावा. दर सहा महिन्यांनी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग स्पेस, स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं टाईप केलं की एक रिपोर्ट बनतो, त्यात मूळ कपॅसिटी किती होती आणि आता किती भरतेय ते दिसतं.

झाकण उघडताना कट्कन आवाज आला आणि आता एका बाजूला बॉडी फाटतेय. स्क्रीन चालू आहे. शाळेचं सगळं काम यावर आहे. — शिक्षक, सातारा

सर, झाकण आता उघडझाप करू नका, उघडं असेल तर तसंच ठेवून काम करा, कारण डिस्प्लेची केबल त्याच बिजागरीतून जाते आणि ती तुटली की खर्च वाढतो.

बिजागरी स्वतः लोखंडी असते, ती फारशी तुटत नाही. तिचे स्क्रू ज्यात बसतात ते पितळेचे छोटे बुश प्लास्टिकमध्ये गरम करून दाबलेले असतात, आणि तेच उपटून येतात. मूळ कारण बऱ्याचदा बिजागरी घट्ट झालेली असते, तुम्ही झाकण उचलता तो सगळा जोर प्लास्टिकवर येतो. म्हणून नुसतं एम-सील भरून दिलं की दोन महिन्यांत परत तेच. माझी पद्धत अशी की आधी बिजागरीचा नट पाव-अर्धा फेरा सैल करून झाकण एका बोटाने हलतंय बघायचं, मग तुटलेल्या जागेचं प्लास्टिक खरवडून खरखरीत करायचं, बुश जागेवर बसवून दोन भागांचं इपॉक्सी भरायचं आणि पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. घाईत त्याच संध्याकाळी घेऊन जाणाऱ्यांचंच परत येतं. प्लास्टिकचे तुकडेच पडले असतील तर पॅनल बदला. दुकानात ए, बी, सी, डी अशी नावं आहेत, झाकणाची पाठ ए, स्क्रीनभोवतीची चौकट बी, की-बोर्डचा भाग सी आणि तळ डी. कोणतं फाटलंय ते सांगितलंत की भाव लगेच कळेल.

विंडोज १० बंद झालं, माझा लॅपटॉप सातव्या जनरेशनच्या प्रोसेसरचा, विंडोज ११ नाही म्हणतो. मुलगा म्हणतो भंगारात द्या. — निवृत्त वाचक, नागपूर

काका, देऊ नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण मशीन त्या दिवशी खराब झालेलं नाही. सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घ्यायची सोय आहे, सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावरच दिसते. त्यानंतर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकून घ्या, तुम्ही लिहिलेल्या कामांना, म्हणजे मेल, बातम्या, यूट्यूब आणि मराठी टायपिंग, ते पुरून उरतं. आणि आत अजून हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी (चिपांवर डेटा साठवणारी वेगवान डिस्क) बसवा, अडीच इंची साटा प्रकारची मिळते, जुनी काढली की त्याच जागी बसते. जुन्या जाड मशीनचा हा मोठा गुण, तळाला दोन स्क्रू काढले की सगळं समोर असतं.

मी म्युनिकला असते. इथे फ्रेमवर्क लॅपटॉप मिळतो पण तेवढ्याच प्रोसेसरचा दुसरा स्वस्त आहे. जास्त पैसे द्यावेत का? — जर्मनीहून एक वाचक

किती वर्षं वापरणार त्याच्यावर आहे. तीन वर्षांनी बदलायची सवय असेल तर नको. सात-आठ वर्षं ठेवणार असाल तर माझं मत घ्या असंच आहे. निरव पटेल यांनी ही कंपनी काढली, पहिला लॅपटॉप २०२१ मध्ये आला, इंटेलच्या अकराव्या जनरेशनचा. तेव्हा घेतलेल्या माणसाला आज त्याच बॉडीत, त्याच स्क्रीन आणि की-बोर्डसकट एएमडीच्या नवीन रायझन प्रोसेसरचा मेनबोर्ड (मदरबोर्ड) बसवता येतो, सोबत दिलेल्या एका स्क्रू-ड्रायव्हरने. फक्त एक लक्षात ठेवा, त्या पहिल्या बोर्डला डीडीआर४ रॅम होती आणि रायझनच्या बोर्डांना डीडीआर५ लागते, म्हणजे रॅमचा खर्च वेगळा धरावा लागतो, बरेच जण तो हिशोबात धरत नाहीत. काढलेला जुना बोर्ड पण वाया जात नाही, वेगळ्या केसमध्ये घालून छोटा पीसी म्हणून चालतो. प्रत्येक पार्टवर क्यूआर कोड छापलेला असतो, फोनने स्कॅन केला की तो पार्ट कसा बदलायचा ते पान उघडतं. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, आपण ज्या गोष्टी दहा फोरम पालथे घालून शोधतो त्या इथे पार्टवरच चिकटवल्यात.

बजेट बसत नसेल तर २०२४ चा थिंकपॅड टी१४ जेन ५ बघा, रॅमचे दोन स्लॉट परत आलेत आणि आयफिक्सिट या रिपेअर गाइडच्या साइटने त्याला दहापैकी ९ दिलेत. आणि तुम्ही तिकडे आहात तर एक सोपी युक्ती आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी रिपेअरचा दहापैकी स्कोअर लिहावा लागतो. जे मॉडेल घ्यायचंय ते फ्रेंच साइटवर शोधा, आकडा तिथे दिसेल.

असा स्कोअर आपल्याकडे का नाही? आणि मग दुकानात नेमकं विचारायचं तरी काय? — नाशिक

काम सुरू झालंय पण लॅपटॉपपर्यंत आलेलं नाही. केंद्राच्या ग्राहक विभागाने जुलै २०२२ मध्ये राइट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टल पण काढलं, तिथे कंपन्यांचे सर्व्हिसचे तपशील एका जागी मिळतात. २०२५ मध्ये रिपेअरेबिलिटी इंडेक्सचा (दुरुस्ती किती सोपी त्या स्कोअरचा) अहवाल आला, त्यात सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून करायची शिफारस आहे. शाळेतली पोरं, कॉलेजची मुलं, छोटे धंदेवाले, सगळ्यांच्या घरात आता लॅपटॉप आहे आणि त्यातले कितीतरी ईएमआयवर घेतलेले आहेत, त्यामुळे लॅपटॉप पहिल्याच यादीत हवे होते असं मला मनापासून वाटतं.

तोपर्यंत दुकानात उभं राहूनच मॉडेल नंबरचं सर्व्हिस मॅन्युअल फोनवर उघडा. त्यात बॅटरी काढायचं पान बघा, स्क्रू दाखवलेत का गोंद. रॅमचं पानच नसेल तर समजा सोल्डर आहे, आणि मग १६ च्या खाली घेऊ नका, नंतर पश्चात्ताप करून उपयोग नाही. एम.२ एसएसडीचे स्लॉट किती आणि कोणत्या लांबीचे ते पण त्यातच असतं, काहींत फक्त ४२ मिलिमीटरची छोटी बसते आणि लोक ८० ची घेऊन येतात. सेल्समन "सगळं अपग्रेडेबल आहे" म्हणाला तर त्याला बिलावर तसं लिहून द्यायला सांगा, जळगावच्या मुलाने तेवढं केलं असतं तर आज त्याच्या हातात काहीतरी असतं.

मदरबोर्ड बदलून आणला आणि आता निळी स्क्रीन येऊन ४८ आकडी की मागतेय. दुकानदार म्हणतो फॉरमॅट करावं लागेल. मुलीचे सगळे फोटो आत आहेत. — कोल्हापूर

फॉरमॅट करू देऊ नका. तुमची एसएसडी बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या डेटा-कुलपाने, बंद आहे आणि तिची किल्ली जुन्या बोर्डवर होती, बोर्ड बदलला म्हणून ती विचारतेय. डेटा जागेवर आहे. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन करून विंडोज चालू केलेलं असेल तर ती ४८ आकडी की बहुतेक त्याच अकाउंटमध्ये सेव्ह असते, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून अकाउंटला लॉगिन करा, डिव्हाइसेसमध्ये तुमचं मशीन निवडा, तिथे रिकव्हरी की दिसेल. घरातल्या कोणाच्या ईमेलने सेटअप केला होता ते आठवून बघा, मुलीच्या किंवा तुमच्या, आणि ऑफिसने दिलेला असेल तर आयटीवाल्यांना विचारा. नाहीच सापडली तर दुकानदाराकडून जुना बोर्ड आजच्या आज परत मागून घ्या, त्याने अजून भंगारात दिला नसेल अशी आशा आहे. तो चिप लेव्हलवाल्याकडे एकदा चालू होण्यापुरता जरी दुरुस्त झाला आणि तीच एसएसडी त्याला लावली तर फोटो काढून घेता येतील. बोर्ड मिळाला की त्याच्या दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो आणि काय झालं होतं, पाणी पडलं होतं का नुसता बंद पडला, ते मला पाठवा, लगेच बघते.